गिरणगावचा अभ्यासवर्ग : मुंबईतील मार्क्सवादी लोकशिक्षणाची वाटचाल

मुंबईच्या कामगार चळवळीने उभ्या केलेल्या संस्थांपैकी युनियन, संपसमिती, कलापथक आणि साप्ताहिक यांचा इतिहास बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. या सर्वांना माणसे पुरवणाऱ्या अभ्यासवर्गाचा उल्लेख मात्र बहुधा ओझरता येतो. दहा-पंधरा माणसांनी ठरलेल्या वारी, पाळी सुटल्यावर, चाळीतल्या एखाद्या खोलीत किंवा युनियनच्या कचेरीत जमावे, एकाने पुस्तिकेतील उतारा मोठ्याने वाचावा, जाणत्याने त्यातील संज्ञा उलगडून सांगाव्यात आणि उरलेल्यांनी आपल्या कामाच्या अनुभवावरून प्रश्न विचारावेत, एवढेच या संस्थेचे बाह्य रूप होते. तिला घटना नव्हती, कायम पत्ता नव्हता आणि बंदीच्या काळात तर नावही नसे. तरीही राजकीय पक्ष फुटले, युनियन बदलल्या, गिरण्या बंद पडल्या, आणि ही पद्धत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात चालत राहिली. म्हणून तिला स्वतंत्र संस्था मानूनच तिचा इतिहास नोंदवला पाहिजे.

या संस्थेला लागणारी जमीन मार्क्सवाद्यांच्या आधीच तयार झालेली होती. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळ भागात वाचनालये आणि रात्रशाळा चालवल्या होत्या, तर रत्नागिरी-सातारा भागातून आलेल्या कामगारांची गावमंडळे, खानावळी, तालमी आणि भजनी मंडळे यांनी एकत्र बसण्याची सवय लावलेली होती. ज्याला अक्षरओळख आहे त्याने वर्तमानपत्र वाचावे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकून त्यावर चर्चा करावी हा गिरणगावातला जुना प्रघात होता. अभ्यासवर्गाने हाच प्रघात उचलला आणि त्याला क्रम दिला.

मुंबईत मार्क्सच्या विचारांचे पहिले वाचन मात्र गिरणगावात झाले नाही. ते कॉलेजात झाले. असहकाराच्या चळवळीत शिक्षण सोडून बाहेर पडलेले विल्सन कॉलेजचे विद्यार्थी श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ मध्ये ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि मार्क्सवादी साहित्य फारसे उपलब्ध नसल्याने त्यांची मांडणी बरीचशी अंदाजाने केलेली होती. ही पुस्तिका वाचून पीठगिरणीचे मालक रणछोडदास भवान लोटवाला यांनी या तरुणाला आपला ग्रंथसंग्रह आणि आर्थिक साहाय्य देऊ केले, आणि त्या आधारावर ऑगस्ट १९२२ मध्ये ‘सोशालिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू झाले. रघुनाथ निंबकर, केशव जोगळेकर आदी तरुणांचा हा गट हेच मुंबईतले पहिले मार्क्सवादी अभ्यासमंडळ म्हणता येईल. त्याची उणीव उघड होती: वाचन इंग्रजीत होते, वाचणारे मध्यमवर्गीय होते आणि ज्या कामगारवर्गाविषयी ते वाचत होते तो काही मैलांवर असूनही त्यांच्या ओळखीचा नव्हता. १९२४ च्या कानपूर बोल्शेविक कट खटल्यात डांगे यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि हे मंडळ काही काळ थंडावले.

खरा बदल १९२७ मध्ये झाला. त्या वर्षी मुंबईत कामकरी-शेतकरी पक्ष स्थापन झाला, ‘क्रांती’ हे मराठी साप्ताहिक निघाले, आणि फिलिप स्प्रॅट व बेन ब्रॅडली हे ब्रिटिश कम्युनिस्ट कार्यकर्ते मुंबईत येऊन संघटनेच्या कामात सामील झाले. सिद्धांत मराठीत आला आणि पाठोपाठ १९२८ चा सार्वत्रिक संप आला. सुमारे दीड लाख गिरणी कामगार जवळजवळ सहा महिने कामाबाहेर राहिले, त्याच काळात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘लाल बावटा’, स्थापन झाली आणि वर्ष संपेपर्यंत तिची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली. एवढ्या मोठ्या संघटनेला गिरणीगणिक समित्या लागतात, त्या समित्यांना मागणी समजून सांगता येणारी माणसे लागतात, आणि ती माणसे भाषणे ऐकून तयार होत नाहीत. अभ्यासवर्गाची गरज या व्यवहारातून निर्माण झाली.

या वर्गांत शिकवल्या जाणाऱ्या मूलतत्त्वांचा क्रम जगभरच्या कामगारवर्गांत रूढ असलेल्या क्रमासारखाच होता. आरंभी ऐतिहासिक भौतिकवाद, म्हणजे समाजातील कायदे, धर्मकल्पना आणि राज्यसंस्था यांचे स्वरूप समजून घ्यायचे तर तो समाज आपले जीवन कोणत्या साधनांनी आणि परस्परांशी कोणत्या संबंधांत राहून उत्पादित करतो हे आधी पाहिले पाहिजे, हा विचार. त्यातच उत्पादनशक्ती (हत्यारे, यंत्रे, कौशल्य आणि श्रम करणारी माणसे) व उत्पादनसंबंध (या साधनांची मालकी कोणाकडे आणि राबणे कोणाच्या वाट्याला) हा भेद येतो. या भेदाचे उदाहरण मुंबईकराला दूर जाऊन शोधावे लागत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली आणि त्याच वर्षी मार्क्सने ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये हिंदुस्थानविषयी लिहिलेल्या लेखांत असे प्रतिपादन केले की, इंग्रज भांडवलदारांनी कापूस स्वस्तात नेण्यासाठी घातलेली ही रेल्वे या देशात आधुनिक उद्योगाची अग्रदूत ठरेल. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी हाती घेतली. मार्क्सची सगळी भाकिते खरी ठरली नाहीत, आणि तसा दावा करणारा शिक्षक चांगला शिक्षक नव्हे. पण गिरणगाव कसे जन्माला आले हे समजण्यासाठी या लेखांइतकी चांगली सुरुवात क्वचितच सापडेल.

दुसरा आणि सर्वांत कठीण भाग म्हणजे मूल्यसिद्धांत. मार्क्सच्या मते कामगार मालकाला आपले श्रम विकत नाही, तर ठरावीक वेळेपुरती श्रमशक्ती, म्हणजे काम करण्याची क्षमता, विकतो, आणि तिची किंमत कामगार व त्याचे कुटुंब जगवण्याला लागणाऱ्या वस्तूंच्या किमतीवरून ठरते. दहा तासांच्या दिवसात समजा चार तासांत त्याने आपल्या मजुरीइतके मूल्य निर्माण केले, तर उरलेल्या सहा तासांत निर्माण होणारे मूल्य हे वरकड मूल्य होय. नफा, व्याज आणि भाडे हे सारे त्यातून वाटले जाते. हे वाढवण्याचे मार्ग दोन: कामाचा दिवस लांबवणे, किंवा मजुरीची भरपाई करणारे तास कमी करून उरलेले तास वाढवणे. यांखेरीज त्याच तासांत काम अधिक घट्ट आवळणे हाही उपाय असतो.

पुस्तकातले हे प्रकरण गिरणी कामगाराला कोणत्या वाटेने कळले हे पाहण्यासारखे आहे. जानेवारी १९२८ पासून ससून समूहाच्या गिरण्यांत कार्यक्षमतेची नवी पद्धत लागू होऊ लागली. दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराकडे तीन माग आणि सूतकताईत साच्याची एक बाजू सांभाळणाऱ्याकडे दोन बाजू देण्यात आल्या, तर काही माणसे कमी करण्यात आली. पगार किंचित वाढला तरी कापडाच्या वारामागे मिळणारी मजुरी घटली होती, ही गोष्ट कामगाराला आकडेमोडीशिवाय ठाऊक होती. वर्गाने त्या माहितीला सिद्धांताची चौकट दिली. कामाचा दिवस या प्रकरणाचेही तसेच. १९२२ च्या कारखाना कायद्याने अकरा तासांची आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली होती, ती १९३४ मध्ये दहा व चौपन्न तासांवर आणि १९४८ मध्ये नऊ व अठ्ठेचाळीस तासांवर आली, आणि इंग्लंडमधील दहा तासांच्या कायद्याविषयी मार्क्सने लिहिलेली पाने या पार्श्वभूमीवर परकी वाटण्याचे कारण नव्हते.

बेकारांची राखीव फौज ही मार्क्सची आणखी एक संज्ञा. मालकाला मजुरी वाढू न देता गरजेप्रमाणे माणसे घेता-सोडता यावीत यासाठी भांडवली उत्पादन बेकारांचा एक साठा सतत निर्माण करत असते, असा तिचा आशय आहे; रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून मुकादम आत घेतो की नाही याची वाट पाहणारा बदली कामगार ही त्या संज्ञेची साक्षात व्याख्या होती. मात्र येथे मुंबईचा अनुभव पुस्तकाच्या पुढेही जात होता. कोकणातून आलेल्या कामगाराचे कुटुंब बहुधा गावीच असे, आजारपणात, संपात आणि म्हातारपणी तो गावच्या तुटपुंज्या शेतीवर परतत असे. म्हणजे श्रमशक्ती जगवण्याचा काही खर्च मालकाऐवजी गावातली बाई आणि तिचे वाफे उचलत होते. १९२८ चा संप सहा महिने टिकला त्यामागे हा गावचा आधारही होता, आणि मजुरी इतकी खाली राहू शकली त्यामागेही तोच होता. वर्गात या दुहेरी नात्याची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

त्याहून गंभीर मर्यादा जातीच्या प्रश्नावर दिसते, आणि या इतिहासात ती स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून सवर्ण विणकरांनी विटाळाचे कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना विणाईखात्यात येऊ दिले नाही, आणि विणाईखाते हे अधिक मजुरीचे खाते होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. ज्या वर्गात ‘जगातील कामगारांनो एक व्हा’ ही घोषणा शिकवली जात होती, त्या वर्गातले काही जण दिवसा शेजारच्या खात्याचे दार सहकाऱ्याला बंद ठेवत होते. जात हा वरचा इमला आहे आणि उत्पादनसंबंधांचा पाया बदलला की तो आपोआप ढासळेल, हे त्या काळचे उत्तर अपुरे होते, कारण खात्याखात्यांतली ही वाटणी प्रत्यक्ष उत्पादनातच, म्हणजे पायातच, घडत होती. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाच्या संघटकांपैकी एक असलेले रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कम्युनिस्ट पक्षात आले आणि बाबासाहेबांशी असलेले नाते न तोडता त्यांनी हा प्रश्न आत राहून धरून ठेवला. औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून केलेला एक दिवसाचा संप हे दोन प्रवाह एकत्र येऊ शकतात याचे उदाहरण ठरले. पण ते अपवादच राहिले, आणि त्याची किंमत दोन्ही चळवळींनी मोजली.

२० मार्च १९२९ रोजी मेरठ कट खटल्यासाठी झालेल्या अटकांनी युनियनचे पुढारी एका रात्रीत नाहीसे केले. आरोपींत डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर आणि जोगळेकर होते. बर्लिनहून रसायनशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन नुकतेच परतलेले, पनवेलला जन्मलेले गंगाधर अधिकारी होते. आणि प्रत्यक्ष गिरणीत काम केलेले अर्जुन आळवे व कासले हेही होते. सरकारी पक्षाने मार्क्स-लेनिनची पुस्तके पुरावा म्हणून न्यायालयात दाखल केली, तर अठरा कम्युनिस्ट आरोपींनी मिळून दिलेले निवेदन इतके सविस्तर होते की, मार्क्सवादाच्या मूलतत्त्वांचे ते एक पाठ्यपुस्तकच झाले. खटला जवळजवळ चार वर्षे चालला. कम्युनिस्ट जाहीरनाम्याचा अधिकारी यांनी केलेला मराठी अनुवाद १९३१ मध्ये याच काळात प्रसिद्ध झाला, आणि अभ्यासवर्गाला मराठीतले पहिले मूळ साधन मिळाले.

तुरुंग हे यानंतर अभ्यासवर्गाचे दुसरे घर बनले. नाशिकच्या तुरुंगात १९३२-३३ मध्ये जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी आदींनी केलेल्या वाचन-चर्चेतून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष आकाराला आला. राजपुतान्यातील देवळी छावणीत १९४० नंतर स्थानबद्ध केलेल्या कम्युनिस्ट व समाजवाद्यांचेही वर्ग चालत.

जुलै १९३४ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली, ती जुलै १९४२ मध्ये उठली. पुढची पाच-सहा वर्षे हा मुंबईतील अभ्यासवर्गाचा सर्वांत भरभराटीचा काळ मानावा लागेल. पीपल्स पब्लिशिंग हाउसच्या स्वस्त पुस्तिका आणि ‘लोकयुद्ध’ साप्ताहिक यांमुळे वाचनसाहित्याचा प्रश्न बराच सुटला. ‘मजुरी, श्रम आणि भांडवल’, एंगल्सचे काल्पनिक व शास्त्रीय समाजवादावरील लेखन, लेनिनचे ‘राज्य आणि क्रांती’ आणि रजनी पाम दत्त यांचे ‘इंडिया टुडे’ ही या काळातील ठरलेली पुस्तके होत. याच वर्षांत अभ्यासवर्गाचा आशय कलेत उतरला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले, आणि ज्यांना वर्गात बसणे शक्य नव्हते अशा हजारोंपर्यंत वर्गसंघर्षाची कल्पना पोवाडा आणि लोकनाट्य यांतून पोहोचली. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या अण्णा भाऊंची राजकीय जडणघडण माटुंगा लेबर कँपात झाली. बाबूराव बागूलही पुढे त्याच वस्तीतून घडले. नारायण सुर्वे यांनी १९६६ च्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले आणि मार्क्सवर कविता लिहिली, हे या शिक्षणाचे मराठी साहित्यावरील ऋण होय. स्त्रियांसाठी वेगळे वर्ग उभारण्याचे श्रेय मुख्यतः स्त्री कार्यकर्त्यांना जाते: गिरणीतील बायकांत काम केलेल्या उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर, १९४३ मध्ये परळ महिला संघ स्थापणाऱ्या अहिल्या रांगणेकर, आणि १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींत राहून त्यांच्यातूनच कार्यकर्ते तयार करणाऱ्या गोदावरी परुळेकर. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचे पुस्तक लोकशिक्षणाच्या पद्धतीवरील ग्रंथ म्हणूनही वाचले पाहिजे.

या भरभराटीतच एक दोष शिरला. सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या १९३८ मधील संक्षिप्त इतिहासात द्वंद्वात्मक भौतिकवादाची, म्हणजे प्रत्येक वस्तूत आणि समाजात परस्परविरोधी शक्तींच्या संघर्षातून बदल घडतो या विचाराची, मांडणी मोजक्या सूत्रांत बांधलेली होती. शिकवायला ती सोपी पडे, म्हणून ती जगभर पाठ केली गेली, आणि इतिहासाच्या ठरावीक पायऱ्या प्रत्येक समाजाने ओलांडल्याच पाहिजेत असा समज रुजला. डांगे यांनी १९४२-४३ च्या तुरुंगवासात लिहिलेल्या आणि १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्राचीन भारताचा इतिहास आदिम साम्यवादाकडून गुलामगिरीकडे असा मांडला, तेव्हा त्यावर सर्वांत कठोर टीका केली ती दामोदर धर्मानंद कोसंबी या गोव्यात जन्मलेल्या, स्वतः मार्क्सवादी असलेल्या गणितज्ञाने. नाणी, दगडी हत्यारे, खेड्यातली दैवते आणि मार्गांच्या कडेची लेणी पायी फिरून तपासल्याशिवाय सूत्र लावू नये हा त्यांचा आग्रह १९५६ च्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथात फळाला आला. मराठी अभ्यासवर्गांनी कोसंबींना आपल्या पाठ्यक्रमात वेळेवर घेतले असते, तर जातीच्या प्रश्नावरची कोंडी कितीतरी आधी फुटली असती.

स्वातंत्र्यानंतरचा काळ थोडक्यात सांगता येतो. १९४८ नंतरच्या दडपशाहीत वर्ग विस्कळीत झाले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कार्यकर्ते रस्त्यावर होते, आणि १९६४ मध्ये पक्ष फुटल्यावर एकाच चाळीत दोन अभ्यासवर्ग भरू लागले. लोकवाङ्मय गृहाची प्रकाशने आणि मॉस्कोहून मराठीत येणारी अल्प किमतीची पुस्तके यांमुळे साहित्य मुबलक झाले. चर्चा मात्र बहुधा कोणती बाजू खरी यावर खर्च होई.

नवा जोम आला तो पक्षांच्या बाहेरून. साठच्या दशकाच्या अखेरीस पुण्यात सुधीर बेडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘मागोवा’ गटाने मार्क्सचे मूळ लेखन, त्यातही परात्मतेची कल्पना, पुन्हा वाचायला घेतले. परात्मता म्हणजे माणसाने स्वतःच्या श्रमाने निर्माण केलेले जगच त्याच्यावर परक्या सत्तेसारखे चालून येणे. या गटातील काही तरुण शहादे भागात आदिवासी शेतमजुरांच्या संघटनेत गेले आणि वाचन व काम यांची सांगड पुन्हा जमली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरमध्ये मार्क्स आणि आंबेडकर यांच्या नात्यावरून वाद झाला, फूटही पडली, पण तो वाद टाळता येत नाही हे सर्वांना कळले. शरद पाटील यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापून मार्क्सवादाला फुले-आंबेडकरांच्या विचाराची जोड देणारी मांडणी केली. तिच्या तपशिलाशी मतभेद असू शकतात. गिरणीच्या विणाईखात्यात अर्धशतकापूर्वी उभा राहिलेला प्रश्न तिने सिद्धांताच्या मध्यभागी आणला, हे मात्र निर्विवाद आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्यांबरोबर गिरणगावही ओसरत गेले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपल्यावर मॉस्कोची पुस्तकेही थांबली. तरी सोप्या मराठीतील छोट्या पुस्तिका आणि खुली व्याख्याने हा मार्ग कोल्हापुरात गोविंद पानसरे यांनी श्रमिक प्रतिष्ठानच्या द्वारे फेब्रुवारी २०१५ मधील आपल्या हत्येपर्यंत चालू ठेवला. १९८८ चे त्यांचे ‘शिवाजी कोण होता?’ हे पुस्तक ऐतिहासिक भौतिकवादाचे नाव फारसे न घेता त्याची पद्धत वाचकाच्या हाती देते. आज कंत्राटी कामगार, घरोघर वस्तू पोहोचवणारे तरुण आणि अंगणवाडी सेविका यांच्या संघटनांत वाचनगट पुन्हा जमू लागले आहेत, आणि कामाचा दिवस किती तासांचा, त्यातला किती स्वतःसाठी आणि किती दुसऱ्यासाठी, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्या रूपात उभा आहे.

या संस्थेचा दस्तऐवज घराघरांत विखुरलेला आहे. वर्गात घेतलेल्या टिपणांच्या वह्या, सायक्लोस्टाइल केलेले पाठ्यक्रम, समासात प्रश्न लिहिलेल्या जुन्या पुस्तिका आणि सभासदांच्या याद्या ज्यांच्या घरी असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाच्या संग्रहाकडे सुपूर्द कराव्यात, आणि ज्यांनी अशा वर्गांत शिकवले किंवा शिकले त्यांनी आपल्या आठवणी तारीख-ठिकाणासह लिहून काढाव्यात, अशी या स्मरणिकेच्या वाचकांना विनंती आहे.